पिशवी

हडपसरला गाडीतळाच्या मागे माझी नर्सरी.
तीस वर्षं मी सुरू विकला, निलगिरी विकली,
सिल्व्हर ओक तर शेकड्यानं,
बंगल्यांच्या कुंपणाला बॉटलब्रश.
काळी पिशवी, माती, शेणखत, एक काडी.
पावती फाडली की विषय संपला.
झाड मूळचं कुठलं, कोण विचारतो?

मग भावाच्या चारूनं तिकीट पाठवलं
आणि बासष्टाव्या वर्षी मी
ऑस्ट्रेलियात समुद्राच्या कडेकडेनं
नऊ दिवस गाडीत बसून राहिलो.
रहदारी डाव्या बाजूनंच, आपल्यासारखी.
काका, चालवता का थोडी?
म्हटलं, नको गं,
हॉर्न न वाजवता मला जमायचं नाही.

तिच्याकडे वही. दिसलं की लिहायचं.
कांगारू सव्वीस, पुढे मोजणं सोडलं.
वाळूत उभे होते समुद्राकडे पाठ करून,
भाव पडल्यावर मार्केट यार्डात
शेवंतीवाले उभे राहतात तसे.
एक काटेरी काहीतरी, साळिंदर नव्हे,
आम्हाला बघून नाक मातीत खुपसून बसलं,
जणू आम्हीच आता दिसेनासे झालो.
देवमाशाची पाठ, एकदा.
चारू ओरडली तेव्हा मी चष्मा शोधत होतो.
तिनं तरी माझ्या नावावर लिहून टाकला.

मला मात्र झाडंच दिसत होती.
माझीच झाडं.
सुरूत बसून काळे पोपट बोंडं फोडत होते,
बॉटलब्रशला रंगीत पाखरं उलटी लोंबत होती,
आणि निलगिरीच्या बेचक्यात
कुणी विसरून गेलेलं राखाडी बोचकं.
ते जांभई देऊन पुन्हा झोपलं.
वास तोच. माझ्या हातांचा.
तीस वर्षं मी बिनभाडेकरूंची घरं विकली,
माणसं इकडेच राहिली होती.

सहाव्या रात्री चारूनं करकचून ब्रेक मारला.
रस्त्याकडेला लहान कांगारूसारखं जनावर, मेलेलं.
ती डिकीतून हातमोजे घेऊन उतरली.
आई गेली तरी पिल्लू आत दोन दोन दिवस जगतं, काका,
बघावं लागतं.
टॉर्च मी धरला.
तिनं पिशवीत हात घातला, कोपरापर्यंत मन लावून.
रिकामी.
मग पाठीवर रंगाचा एक पट्टा ओढला,
मागून येणाऱ्याला कळावं:
बघून झालंय.
हे तिनं वहीत नाही लिहिलं.

परवा जेजुरीला चिंचेची दोनशे रोपं पोचवायची होती.
पहाटे पावणेपाच, दिवे घाटाचा चढ.
दुसऱ्या वळणावर तरस पडलेलं.
अंगावरचे पट्टे हेडलाइटमध्ये
ओल्या जमिनीवर फण मारल्यासारखे.
आजवर शंभरदा अशा वेळी
मी स्टिअरिंग जरासं वळवून गेलोय. खोटं कशाला बोलू.

टेम्पो कडेला घेतला.
हातमोजे नव्हते, गोणपाट होतं.
पोटाखाली हात नेला, काय शोधायला,
ते कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.
पिशवी नव्हतीच.
आचळं ओली होती.

वनखात्याला फोन लावला.
कुठला घाट? जिवंत आहे का?
मेलीय म्हटल्यावर आवाज सैल झाला,
गाडी येईल सकाळी.
मागून खडीचा डंपर हॉर्न देत गेला.
टेम्पोत कुंड्यांना लावायचा गेरू होता, ब्रशही.
पट्टा ओढायला वाकलो
आणि हात तसाच राहिला.
बघून कुठे झालं होतं?

वर मुरमाड माळ, माळावर
प्लॉटिंगचे पांढरे दगड, रांगेत.
त्यांच्यामागे कुठेतरी एक बीळ
आणि भुकेली वेळ झालेली.

गिऱ्हाइकाचा फोन वाजत राहिला.
इंडिकेटर चालू ठेवून चढाला लागलो.
अर्ध्यावर पोचल्यावर कळलं,
हातात रोपाची रिकामी पिशवी आहे,
बुडाला भोकं पाडलेली,
पाणी साचू नये म्हणून.